स्टेपनीसाठी गाडी

२ फेब्रुवारी

प्रिय मिस्त्री,

मोठ्यानं धाकट्याला पत्र लिहायचं तर वर आशीर्वाद हवेत. ते लिहिले आणि खोडले. माझे आशीर्वाद तू 'पाठवणाऱ्यास परत' असा शेरा मारून धाडलेस, तर पोस्टमनसमोर माझी काय शोभा राहील? म्हणून नुसतं 'प्रिय' ठेवलंय. त्यालाही हरकत असेल तर ते पाकिटावरच्या तिकिटासारखं समज, लावावंच लागतं.

सात वर्षांनी लिहितोय आणि तेही काम काढून. कामापुरता मामा ही म्हण आमच्याच घरावरून पडली असावी. मामा तू आहेस आणि काम तुझ्या भाचीचं आहे. तुझ्या गॅरेजमध्ये ती सारखी तुझ्या पाठीला चिकटून फिरायची म्हणून तू तिला 'स्टेपनी' म्हणायचास. ती स्टेपनी आता वीस वर्षांची आहे. लायसन्स मिळालंय आणि नोकरीही. इथून चाळीस किलोमीटरवर एका जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात ती मदतनीस म्हणून लागतेय. एक मार्चपासून, सकाळी सातला. पहिली बस तिथे पोचते सव्वाआठला. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याच्या माडीवरची खोली देऊ केली आहे. शेजारी आजारी कुत्र्यांचा वॉर्ड.

कन्येनं जेवताना निकाल दिला. ''बाबा, एक तारखेपर्यंत गाडी, नाहीतर खोली. ठरवा.''

आता बघ माझी अवस्था. गाडी घेतली तर लेक एकटी हायवेवर. नाही घेतली तर लेक घराबाहेर. आड आणि विहीर दोन्ही मला स्पष्ट दिसतात. मधली वाट तेवढी दिसत नाही.

त्यात खिसा म्हणतो जुनीच घ्या. तुझी ताई म्हणते एअरबॅगा पाहिजेत, जितक्या बसतील तितक्या. आणि कन्या म्हणते गाडीत मजा पाहिजे. मी म्हटलं, मजेचं लक्षण सांग. ती म्हणाली, ''वळणावर हसू आलं पाहिजे.'' मी सांगितलं की वळणावर लोक हॉर्न वाजवतात, हसत नाहीत. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं माझे विद्यार्थी सातव्या विभक्तीकडे पाहतात.

गेले आठ दिवस मी जाहिराती वाचतोय. 'टॉर्क' वाचतो, 'मायलेज' वाचतो, 'सिंगल ओनर' वाचतो आणि पुन्हा पहिल्या पानावर येतो. आयुष्यात इतकी दुर्बोध टीका मी वाचली नव्हती, आणि हिला मूळ ग्रंथच नाही.

तेव्हा एक सकाळ काढून ये. तू ऐकायचास तसं ऐक. पेचकसाचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. त्या वेळी कुणी बोललं तर पाना भिरकवायचास. मी बोलणार नाही.

मागचं म्हणशील, तर मागचं मागे. गाड्या बिघडतात, माणसं बोलून जातात. किती दिवस धरून बसायचं?

तुझ्या ताईचा नवरा


८ फेब्रुवारी

प्रिय मिस्त्री,

तुझं उत्तर मिळालं. पंप-दुरुस्तीच्या बिलाच्या पाठीवर पाच ओळी. ''भाऊजी, मी आता गाड्या पारखत नाही. पंप दुरुस्त करतो. पंप जागचा हलत नाही, त्यामुळे कुणाला रस्त्यात सोडत नाही. चांगला मिस्त्री बघा. स्टेपनीला सांगा, सावकाश चालव.''

गद्य उत्तम आहे. मी इतकी वर्षं शिकवतोय, माझ्या एकाही विद्यार्थ्याला पाच ओळींत इतकं बोचरं लिहिता आलेलं नाही. जुन्या नाटकांत राजाचा मेहुणा म्हणजे हमखास बडबड्या आणि बिनडोक. तू त्या परंपरेला काळिमा फासलास.

पण तू नाही म्हणालास म्हणून मी थांबलो नाही. काल रविवारी आम्ही बापलेक दोन गाड्या पाहून आलो.

पहिली एका निवृत्त सर्वेअरसाहेबांची. पांढरी, लांब, बारा वर्षांची. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून तसंच. बसलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. साहेब म्हणाले, ''बँक आणि दवाखाना, याखेरीज गाडी कुठे गेली नाही.''

स्टेपनीनं विचारलं, ''काका, जोरात कधी चालवली?''

''एकदा. मधमाश्या लागल्या होत्या मागे.''

''मग?''

''मग काचा लावल्या. आणि परत सावकाश.''

मला ते गृहस्थ फार आवडले. गाडीही आवडली. फाटकाबाहेर आल्यावर मी म्हटलं, हीच घेऊ. तर ती म्हणते, ''बाबा, ही गाडी नाही, शोकसभा आहे.''

दुसरी, जुन्या गाड्यांच्या एका मोठ्या आवारातली. पिवळी जर्द, पाठीमागे पंख लावलेला. विकणारा मुलीला 'मॅडम' आणि गाडीला 'रॉकेट' म्हणत होता; मला काहीच म्हणत नव्हता. त्यानं सर्व्हिसचं पुस्तक पुढे केलं. पाच वर्षांच्या नोंदी, एक दिवस चुकलेला नाही. आणि इथे मी कामाला आलो! हस्तलिखितं तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. पाच वर्षांच्या नोंदी एका शाईत, एका बैठकीत, एकाच्या हातच्या. शेवटी शेवटी त्याचा हात दुखायला लागलेलाही कळतो. अक्षर उजवीकडे कलतं. मी म्हटलं, ''लेखनिक एकच दिसतोय.'' तो म्हणाला, ''सर, आमच्याकडे शिस्त आहे.'' मी म्हटलं, ''आहे खरी. हे पान ज्या वर्षाचं आहे, त्याच्या पुढच्या वर्षी छापलेलं आहे.''

बाहेर आल्यावर कन्येनं माझ्या पाठीवर थाप मारली. ''बाबा, तुम्ही पण कामाचे आहात हं!'' घरी पोचेपर्यंत मी तरंगत होतो.

पण पुस्तक खोटं आहे हे मला कळतं, इंजिन खोटं आहे का हे कळत नाही. तिथे तूच हवास. त्या वेळच्या गॅसकेटचं तू मनाला फार लावून घेतलंस. पाणी आणि तेल वेगळं ठेवणारी पातळशी चकती ती, असं तूच मला समजावलं होतंस. त्यातली केसाएवढी चीर कुणाच्याही नजरेतून सुटेल. मी तर कधीच विसरलो. तूही विसर आणि ये.

तुझ्या ताईचा नवरा


१२ फेब्रुवारी

प्रिय मिस्त्री,

गाडी सापडली आहे आणि माझा गोंधळ आता पूर्णत्वाला पोचला आहे.

निळी, छोटी, दोनच दारांची, नऊ वर्षांची. मालकीण नृत्यशिक्षिका आहेत. परदेशी निघाल्या म्हणून विकताहेत. पुस्तकात चार वेगवेगळी अक्षरं, दोन ठिकाणी तेलाचे डाग आणि एका पानावर चहाच्या कपाचं वर्तुळ. म्हणजे पाठ विश्वसनीय. परवा चालवून पाहिली. स्टेपनी चालवायला, शिक्षिका तिच्या शेजारी, आणि मी मागे, गुडघे हनुवटीला लावून, गर्भस्थ अर्भकासारखा. तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक मोठं वळण आहे. तिथे तिनं गिअर बदलला, गाडी अशी काही वळली आणि माझी मुलगी हसली. मोठ्यानं. शिक्षिकाही हसल्या. आणि सांगायला लाज वाटते, मागून मीही.

लक्षण लागू पडलं. पण परतताना आवाज सुरू झाला.

इंजिन तापल्यावर येतो, खालून कुठून तरी. मी तो टिपून घेतला आहे: लघु, लघु, गुरू, मग यती, मग पुन्हा लघु, लघु, गुरू. चढावर यती नाहीशी होते. कुठल्याच वृत्तात बसत नाही. स्टेपनीनं फोनवर रेकॉर्ड केलाय, पण तिच्या रेकॉर्डिंगात मुख्यतः माझा खोकला आहे.

दोन मिस्त्र्यांना ऐकवला. पहिल्यानं कपाळाला हात लावला: ''इंजिन उतरवावं लागेल.'' दुसऱ्यानं मला आपादमस्तक न्याहाळलं: ''काका, आवाज गाडीत नाही, तुमच्या कानात आहे.'' दोघंही तितक्याच ठामपणे बोलले. आता कुणाला प्रमाण मानू? शिक्षिका पंचवीस तारखेपर्यंत थांबायला तयार आहेत, त्यापुढे नाही. स्टेपनी म्हणते, ''घ्या, बघू काय होईल ते.'' काय होईल ते मला स्वच्छ दिसतं: सकाळी सहाला, हायवेच्या कडेला, बॉनेट उघडून उभी असलेली ती.

हे सगळं मी तुला काल संध्याकाळीच लिहिणार होतो, पण काल एक झालं.

गुरुवारी दुपारी माझे तास असतात आणि गुरुवारी दुपारी तुझी ताई औषधांच्या दुकानातून घरी असते. त्या वेळात ती तुझ्याशी फोनवर बोलते. हे मला सात वर्षं माहीत नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे. काल माझा तास रद्द झाला. मी जिना चढून वर आलो. दार लोटलेलं होतं. ती इस्त्री करत होती, म्हणून तुझा आवाज मोठ्यानं लावलेला होता.

तू म्हणत होतास, ''ताई, ती गाडी तुला देताना मी एकदाच ऐकली होती. एकदाच पुरायचं मला. काही नव्हतं तिच्यात. छातीठोक सांगितलं मी सगळ्यांना. आणि तरी गेली. मग माझ्या ऐकण्याला काय अर्थ? आता इंजिन ऐकलं की चांगलंही वाईट वाटतं आणि वाईटही चांगलं. स्टेपनीला मी 'घे' म्हणायचं आणि ती रस्त्यात...''

ताई म्हणाली, ''अरे, चूक कुणाच्याही हातून होते.''

मी तसाच खाली उतरलो. दूध घेऊन आलो. दूध घरात होतं.

तुझ्या ताईचा नवरा


१४ फेब्रुवारी

मिस्त्री,

आज थट्टा जमते का बघतो. नाही जमली तर समजून घे.

आमच्या शास्त्रात एक गाडीवान आहे. त्याला जकात चुकवायची असते. म्हणून तो अंधारात आडवाटेनं बैल हाकतो, दगडधोंडे, काटे, चिखल, कशाची पर्वा करत नाही. उजाडतं तेव्हा बघतो, तर गाडी थेट जकातनाक्याच्या दारात उभी. हा न्याय मी दर वर्षी शिकवतो. मुलं हसतात. मीही हसतो. सात वर्षं माझा हात कासऱ्यावर होता, हे मात्र मी त्यांना कधी सांगितलं नाही.

तू त्या गाडीत काही चुकला नव्हतास. गॅसकेट चांगलं होतं. तुझे कान चांगले होते. पाणी मी घातलं.

सविस्तर सांगतो. टाळायची सवय लागली आहे, म्हणून सावकाश सांगतो.

गाडी देताना तू म्हणालास, ''भाऊजी, लांब निघायच्या आधी रेडिएटरचं पाणी बघत जा.'' गाडीबरोबरचं पुस्तक हरवलेलं होतं. मी रद्दीवाल्याकडून एक शोधून आणलं. त्याच कंपनीचं, पण दुसऱ्या मॉडेलचं. मुखपृष्ठ फाटलेलं असल्यानं मला ते कळलं नाही. त्यात लिहिलं होतं, पाणी डावीकडच्या झाकणातून भरावं. जुन्या गाड्या विकण्यासाठी तू घातलेल्या शेडच्या उद्घाटनाला निघायच्या सकाळी मी बॉनेट उघडलं, पुस्तक बॅटरीवर उघडं ठेवलं आणि डावीकडचं झाकण काढलं. त्या झाकणावर एक चित्र होतं, चोच असलेल्या भांड्याचं. मला तो दिवा वाटला. म्हटलं, कंपनीचं शुभचिन्ह असेल. आत काळं तेल चमकत होतं. ते मला दिसलं, मिस्त्री. डोळ्यांना दिसत होतं तेल, पुस्तक म्हणत होतं पाणी. प्रत्यक्ष आणि शब्द यांचा विरोध आला तर काय करावं, यावर मी निबंध लिहिलेला आहे. मी शब्द मानला. दोन लिटर.

पुढचं तुला माहीत आहे. सासूबाई, तुझी ताई, तेरा वर्षांची स्टेपनी आणि मी असे चौघं टो-ट्रकच्या केबिनमध्ये एकमेकांच्या मांडीवर बसून तुझ्या नव्या शेडसमोर उतरलो. आणि मागे लोंबकळत ती गाडी. जिच्याबद्दल तू गिऱ्हाइकांना सांगत होतास, 'सख्ख्या बहिणीला दिलीय, तीच येईल आता, बघाच.'

मी चिडलेलो होतो. घामाघूम. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ''आपल्याच बहिणीला भंगार विकलंस? मग परक्यांचं काय करत असशील!''

ते म्हणालो तोवर मला खरंच वाटत होतं की दोष तुझा आहे. तेवढ्यापुरता मी नुसता मूर्ख होतो.

मग तू इंजिन उघडलंस. तेलाचा दुधाळ चहा झालेला. गॅसकेट हातात धरून तू किती वेळ उजेडाकडे बघत होतास. त्यात चीर दिसेना, पण पाणी तेलात गेलं कसं याला तुझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. दुसरं उत्तर तुझ्याशेजारी उभं होतं, इस्त्रीच्या शर्टात. तू मान वर करून विचारलंस, ''भाऊजी, कुठलं झाकणबिकण उघडलं होतं का?''

त्या क्षणी मला तो दिवा आठवला. तो दिवा नव्हता, तेलाचा बुधला होता, हे तिथे उभ्या उभ्या कळलं. सहा गिऱ्हाइकं बघत होती. जमलेले नातेवाईक बघत होते. सासूबाई बघत होत्या. मी 'भंगार' म्हणून पाच मिनिटंही झाली नव्हती.

मी म्हणालो, ''नाही.''

मूर्खपणा तिथे संपला आणि दुसरं काही सुरू झालं. त्याला चांगलासा शब्द मी शोधत नाही.

तू म्हणालास, ''मग चूक माझीच.'' गाडी परत घेतलीस. सहा महिन्यांत शेडला कुलूप लागलं. आणि मी तुला गेल्या आठवड्यात काय लिहिलं? की मी विसरलो, तूही विसर. तुला माफ केलं मी, बघ. ते पत्र जाळून टाक. नको, ठेव, माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून उपयोगी पडेल.

हे मी आज लिहितोय, कारण निळ्या गाडीखाली काहीतरी वाजतंय आणि माझी मुलगी तिच्यात बसणार आहे. म्हणजे हेही पत्र कामापुरतंच. मुलीला गाडी नको असती तर मी बोललो असतो का? मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही, त्यावरून काय ते समजलो.

घरात अजून सांगितलेलं नाही. पत्र टाकून आलो की सांगतो. आधी सांगितलं, तर टाकायचं राहील.


१७ फेब्रुवारी

मिस्त्री,

सांगितलं.

स्टेपनी आधी हसली. ''झाकणावर तेलाचं चित्र होतं ना, बाबा?'' होतं. ''आत तेल दिसत होतं?'' दिसत होतं. ''मग?'' पुस्तकात लिहिलं होतं. ती पोट धरून हसली, खुर्चीवरून खाली आली. मग हसू मध्येच तुटलं. म्हणाली, ''आणि मामा?'' ती उठून आपल्या खोलीत गेली.

तुझी ताई हसली नाही. रागावलीही नाही. हातातली औषधांची यादी घडी घालून ठेवली. मग म्हणाली, ''सात वर्षं. दर गुरुवारी. मी त्याची समजूत काढतेय, चूक कुणाच्याही हातून होते म्हणून. जी झालेलीच नाही त्या चुकीसाठी.''

नंतर दाराशी थांबून म्हणाली, ''डॉक्टरांची अक्षरं लागतात मला. तुमचा चेहरा नाही लागला.''

तेव्हापासून आमच्याकडे संभाषण मुलीमार्फत चालतं. ''बाबांना विचार, भाजी हवी का.'' मी दीड हातावर बसलेला असतो. हवी म्हणतो. मुलगी ते तिकडे पोचवते, आणि मला वाढताना माझ्याकडे बघत नाही.

तुझ्याकडून काही आलेलं नाही. येईल असं धरून चाललेलोही नाही. गाडीचं काय करावं हे मला अजूनही कळत नाही. काल दोनदा त्या शिक्षिकांना 'नको' सांगायला फोन उचलला, एकदा 'हो' सांगायला.


२२ फेब्रुवारी

मिस्त्री,

काल सकाळी कन्येनं मला फक्त एवढं सांगितलं: ''मी निळी गाडी घेऊन मामाकडे चाललेय. नृत्याच्या मॅडम बरोबर आहेत. आईला माहितेय.'' मी विचारलं, ''मी येऊ?'' ती म्हणाली, ''नाही.''

दोन तास जायला, दोन यायला. मी शब्दकोशाची धूळ पुसली. सगळ्या खंडांची. संध्याकाळी पाचला ती आली. तुझ्याकडे काय झालं ते तिच्याकडून एकेक शब्द ओढून काढावं लागलं.

म्हणे, तू तिला ओळखलं नाहीस. मग ओळखलंस आणि म्हणालास, ''स्टेपनी फुल साइज झाली की!'' पंप बाजूला सारलेस. पेचकस सापडेना, शेजारच्या सुताराकडून मागून आणलास. डोळे मिटून वाकलास. बराच वेळ. मग म्हणालास, ''सायलेन्सरच्या वरचा पत्रा सैल झालाय. तापला की वाजतो. इंजिनाला काही नाही. घे.'' पत्रा तिथेच आवळून दिलास. आवाज गेला.

इथपर्यंत ऐकून मी उठून उभा राहिलो होतो. वाटलं, पत्र लागू पडलं. औषधासारखं.

मग ती म्हणाली, ''बाबा, बसा. आम्ही निघालो तर तो मागून धावत आला. म्हणाला, थांब, परत एकदा ऐकू दे. परत ऐकलं. म्हणाला, ठीक आहे, जा. कोपऱ्यापर्यंत गेलो, तर पुन्हा हात करून थांबवलं. तिसऱ्यांदा ऐकलं. घाम आला होता त्याला. मला म्हणाला, तुला काही ऐकू येतंय का बघ. मी म्हटलं, नाही, मामा. तर म्हणाला, नक्की ना?''

तू एकदाच ऐकायचास, मिस्त्री. एकदाच पुरायचं तुला.

मला वाटलं होतं, मी खरं सांगितलं की तुझे कान तुला परत मिळतील. जणू मी ते उसने आणले होते आणि आता धुऊनपुसून परत करतोय. तसं होत नाही, असं दिसतं. मी नक्की काय मोडलं, याचा अर्थ मला काल संध्याकाळी लागायला लागला. अजून पुरता लागलेला नाही.

''माझ्याबद्दल काही म्हणाला?'' मी विचारलं.

''नाही.''

''पत्राबद्दल?''

''ते खिशात होतं त्याच्या. दिसत होतं.''

गाडी घेतली. आज शिक्षिकांकडे सह्या झाल्या. एअरबॅगा चार; त्यावर ताईची तडजोड झाली. मजा आहे, लेकीचं समाधान झालं. माझी एक अट होती, गाडी कधी बिघडू नये. ती कन्येनं अभ्यासक्रमाबाहेरची म्हणून फेटाळली.


१ मार्च

प्रिय मिस्त्री,

आज सकाळी पावणेसहाला स्टेपनी निघाली. तुझी ताई खिडकीत उभी होती आणि मी फाटकाशी. गाडी रस्त्याच्या टोकाला वळली आणि तिनं जो गिअर बदलला, त्याचा आवाज आम्हा दोघांनाही आवडला. खिडकीतून प्रश्न आला, ''चहा घेणार का?'' थेट मला. मध्ये दुभाषी नसताना. चौदा दिवसांनी. मी घाईघाईत दोनदा हो म्हणालो. सात वाजायला दहा कमी असताना लेकीचा फोन आला: पोचले, एका बकरीनं माझी ओढणी खाल्ली, ठेवते.

तुझं उत्तर अजून नाही, आणि ते मागायला हे पत्र नाही. त्या दिवशी शेडमध्ये आपले जे नातेवाईक होते, त्या सगळ्यांना मी गेल्या आठवड्यात पत्रं लिहिली. एकच मजकूर, हातानं, प्रत्येकाला स्वतंत्र. नक्कल करताना लेखनिक सोयीचे बदल करतो, हे मला माहीत आहे. म्हणून स्टेपनीमार्फत विनंती करून ताईला मूळ प्रत धरून बसवलं आणि प्रत्येक पत्र ताडून घेतलं. तिनं एका पत्रात एक शब्द पकडला. 'मी नाही म्हणालो' याऐवजी माझ्या हातून 'मला नाही म्हणावं लागलं' असं पडलं होतं. ते पान तिनं माझ्यासमोर फाडलं. कोरा कागद पुढे सरकवला.

सासूबाईंना मात्र फोन केला. त्या सगळं ऐकून म्हणाल्या, ''जावईबापू, मी तर इतकी वर्षं समजत होते की माझ्या ट्रंकेच्या वजनानं बिघडली. येताना मीच हट्टानं ती घेतली होती.'' मग फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही.

गिऱ्हाइकं राहिली. त्यातल्या दोघांनी त्याच दिवशी तुझ्याकडे सांगून ठेवलेल्या गाड्या नको म्हटल्या होत्या. एक बेकरीवाले आणि एक फोटोग्राफर. त्यांना पत्र नको, समोर जाऊन सांगायला हवं. त्यांच्यासमोर बोललो होतो, म्हणून. मला त्यांची नावं माहीत नाहीत. त्यांची दुकानं कुठे आहेत, ते तुला माहीत आहे.

स्टेपनीला येत्या रविवारी सुट्टी आहे. ती मला तुझ्याकडे आणायला तयार आहे. अट एवढीच, की मी पुढे बसायचं, हात मांडीवर ठेवायचे आणि ब्रेक मारल्यासारखा पाय दाबायचा नाही. तू आमच्याबरोबर त्या दोन दुकानांत यावंस, अशी माझी इच्छा आहे. यायचं नसेल तर नुसते पत्ते दे. तेही द्यायचे नसतील तर मी तुझ्या गावात विचारत फिरेन. बेकऱ्या असून असून किती असतील?

मी म्हणत होतो, न कळवताच येऊन उभे राहू. कळवलं तर त्याला नाही म्हणायला वेळ मिळेल. स्टेपनी किल्ल्या अडकवत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, ''मिळू दे की, बाबा.''

म्हणून हे आजच टाकतोय. पत्र दोन दिवसांत पोचतं. पुढचे चार तुझे.

तुझ्या ताईचा नवरा